लिबरल आर्ट्सला जायचंय? मग बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नका

कोकणात प्रवेशाचा विषय निघतो तो बारावीचा निकाल लागल्यावर. मग मार्कलिस्ट, मग सेतूत दाखल्यांसाठी हेलपाटे, आणि जूनच्या पावसात छत्र्या सांभाळत कॉलेजच्या नोटीस बोर्डापुढे गर्दी. जवळच्या कॉलेजात एफवायबीएला जाणाऱ्याचं या क्रमाने निभतं. लिबरल आर्ट्सच्या विद्यापीठांचे अर्ज मात्र आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर येईपर्यंत त्यांच्या पहिल्या फेऱ्या उरकलेल्याही असतात. मार्कांत आपली मुलं मागे नाहीत. बोर्डाच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो. अडतं ते वेळापत्रकावर. म्हणून हा लेख आत्ता अकरावीत असलेल्यांसाठी किंवा नुकत्याच बारावीत गेलेल्यांसाठी आहे.

लिबरल आर्ट्समध्ये पहिल्या वर्षी सगळ्यांनाच थोडा इतिहास, थोडं अर्थशास्त्र, थोडं गणित-विज्ञान आणि भरपूर लेखन करावं लागतं. मुख्य विषय नंतर ठरतो. त्यामुळे बारावी कुठल्या शाखेतून केली याला फारसं महत्त्व नाही. अपवाद गणिताचा. अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचा असेल तर बारावीला गणित होतं का, हे बऱ्याच ठिकाणी बघतात. अकरावीत गणित सोडण्याआधी एवढा विचार करा.

पहिली पायरी: वाट ठरवा

वाटा मुख्यतः तीन.

एक, खासगी विद्यापीठं. सोनीपतचं अशोका, बंगळुरू आणि भोपाळचं अझीम प्रेमजी, पुण्यातलं फ्लेम, सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स, आंध्रातलं क्रिया. पात्रता म्हणाल तर मान्यताप्राप्त बोर्डाची बारावी उत्तीर्ण. ही अट आपल्याकडची जवळजवळ सगळी मुलं पुरी करतात. खरी निवड पुढच्या गोष्टींवर होते. दहावी-अकरावीचे गुण, विद्यापीठाची स्वतःची चाचणी, अर्जातले निबंध आणि मुलाखत. कुठे यातलं एखादं कमी, कुठे शिक्षकाचं शिफारसपत्र जास्तीचं. चाचणीची नावं आणि नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या दादाच्या सांगण्यावर न विसंबता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

दोन, सीयूईटी. ही परीक्षा २०२२ पासून सुरू झाली आणि दिल्ली विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांचे पदवीचे प्रवेश तिच्यावर होतात. फी खासगीच्या तुलनेत किरकोळ. परीक्षा संगणकावर असते, जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, बरोबर उत्तराला ५ गुण आणि चुकीला १ वजा. ती मराठीतूनही देता येते आणि मराठी हा भाषाविषय म्हणूनही निवडता येतो, हे आपल्याकडच्या फार कमी मुलांना ठाऊक असतं. विषय निवडताना मात्र जपा. ज्या कोर्सला जायचं त्याला कुठले विषय चालतात ते आधी बघायचं. बारावीत जे शिकलात तेच विषय परीक्षेला घेणं, हा दिल्ली विद्यापीठाच्या बाबतीत सुरक्षित मार्ग. अर्ज जानेवारी ते मार्चच्या दरम्यान कधीतरी निघतो, म्हणजे नेमका प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या धामधुमीत. घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी ती तारीख बघायची जबाबदारी टाका.

तीन, आपलं जवळचं कॉलेज. त्याबद्दल शेवटाकडे लिहितो. ती वाट कमी प्रतीची म्हणून मागे ठेवलेली नाही, तिचं वेळापत्रकच शेवटी येतं.

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचं स्वप्न असेल तर त्याहून लवकर उठावं लागतं. कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून करायचा ऑनलाइन अर्ज १ ऑगस्टला उघडतो, मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते, आणि नेहमीच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला संपते. तिकडे नववीपासून बारावीपर्यंत चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे नववी-दहावी गावच्या हायस्कुलात आणि अकरावी-बारावी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात झालेली असते, म्हणजे दोन ठिकाणी फिरणं आलं. हायस्कुलातून नववीचा निकाल शाळेच्या शिक्क्यानिशी आणा. क्लार्कभाऊ जुनी रजिस्टरं काढायला कुरकुरतील, पण काढतात.

दुसरी पायरी: नाव एकसारखं करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर आधी स्वतःचं नाव. एवढ्याने सहसा अडत नाही. अडतं ते स्पेलिंगवर. दहावीच्या मार्कलिस्टवर डब्ल्यूचा सावंत, आधारवर व्हीचा सावंत. कुठे वडिलांचं नाव ‘चंद्रकांत’, कुठे आधार केंद्रवाल्याने टाकलेलं ‘चंदू’. डिजिलॉकरमधून गुणपत्रिका ओढायची असो की अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (पदवीचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा) आयडी काढायचा असो, संगणकाला असले लाड कळत नाहीत.

नियम एकच ठेवा. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानायची आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घ्यायचं. आधारमधली दुरुस्ती त्या मानाने सोपी. गुणपत्रिकाच चुकली असेल तर शाळेमार्फत रत्नागिरीच्या विभागीय मंडळाकडे जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून हे काम अकरावीच्या मे महिन्याच्या सुट्टीत उरका.

त्याच सुट्टीत अकरावीची गुणपत्रिका शोधून ठेवा. ती बोर्डाची नसते, कॉलेजची असते, म्हणून आपल्याकडे कुणी जपत नाही. बारावीचा निकाल हातात नसताना अर्ज करायचा म्हणजे विद्यापीठापुढे तुमचा ताजा पुरावा तोच. सहामाहीचे गुणही कॉलेजकडून सही-शिक्क्याने लिहून घ्या.

तिसरी पायरी: दाखले

खासगी विद्यापीठांत जातीच्या दाखल्याची गरज कमी पडते, उत्पन्नाच्या कागदांची जास्त. सीयूईटीच्या वाटेने जाणाऱ्यांनी मात्र पुढचं नीट वाचा.

केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही. सेतूत अर्ज करतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात हवा’ असं सांगा, नाहीतर सवयीने राज्याचा देतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हेही बघून घ्या, कारण राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. एनटी, एसबीसी हे राज्याचे प्रवर्ग. केंद्राच्या अर्जात ते रकाने सापडणार नाहीत. मराठा समाजाला राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचं आरक्षण आहे, पण केंद्रात तो प्रवर्ग नाही. तिथे निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. त्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाखांच्या आत, शिवाय जमीन आणि घराच्या अटी आहेत. ईडब्ल्यूएसचा दाखला चालू आर्थिक वर्षातला लागतो, म्हणून १ एप्रिल उजाडला की तहसीलला अर्ज टाका. मे महिन्यात तिथे आंब्याच्या सीझनसारखी गर्दी असते.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलींची पूर्ण फी माफ करण्याचा जो निर्णय घेतला, तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीचा आहे. नेहमीच्या बीएला तो लागू असेल असं गृहीत धरून बसू नका. महाडीबीटीवर दुसऱ्या योजना आहेत, त्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा.

चौथी पायरी: पैशाचं खरं लिहा

खासगी विद्यापीठांची फी वर्षाला काही लाखांत जाते, वर हॉस्टेल-मेस. आकडा ऐकूनच वडील ‘बीए करून काय करतलंस?’ म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण अशोका, अझीम प्रेमजी अशा ठिकाणी घरच्या परिस्थितीप्रमाणे फीमाफी मिळते, काहींना पूर्ण. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. त्यात घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न, बँकेचे व्यवहार, जमीन, घर, वाहन, कर्ज, सगळं विचारतात.

इथे कोकणी माणसाची पंचाईत होते. सातबारावर आजोबा, त्यांचे चार भाऊ, त्यांची मुलं, मुंबईतल्या आत्या अशी वीस-पंचवीस नावं. क्षेत्र बघावं तर दोन-तीन एकर, आणि वाट्याला येते काजूची दहा झाडं नि घरामागचा कोपरा. रकान्यात ‘स्वतःची जमीन: तीन एकर’ असं भरलंत तर तिकडे सोनीपतला बसलेल्या माणसाला तुम्ही बागायतदार वाटाल. म्हणून जमीन सामाईक आहे, वाटप झालेलं नाही, खातेदार इतके, त्यातला आमचा हिस्सा अंदाजे इतका, असं साध्या शब्दांत लिहून सातबारा आणि आठ-अ सोबत जोडा. कलमं खंडाने दिली असतील तर खंडाची रक्कम लिहा. ज्या वर्षी मोहोर गळला त्या वर्षीचं उत्पन्न वेगळं दाखवा. वडील बोटीवर खलाशी असतील तर पगाराची पावती नसणारच. तांडेल किंवा बोटमालकाकडून लेखी घ्या आणि पावसाळ्यातल्या बंदीत हात रिकामा असतो हेही नमूद करा. मुंबईचा काका दरमहा पैसे पाठवत असेल तर तेही सांगा. पासबुकात ते दिसतंच, आणि न सांगितलेलं दिसलं की शंका येते.

माझं मत विचाराल तर, फीमाफी मिळाली नाही आणि सगळा भार कर्जावर पडत असेल तर खासगीचा हट्ट सोडावा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळू शकतं हे खरं, पण बीएनंतर लगेच मोठ्या पगाराची नोकरी लागेल या भरवशावर ते काढू नये.

पाचवी पायरी: निबंध

आपल्या मुलांना सगळ्यात जड जातं ते हे, आणि सगळ्यात जास्त जमण्यासारखंही हेच आहे.

अर्जात प्रश्न साधारण असे असतात. तुम्हाला कशाचं कुतूहल आहे? तुमच्या आसपासची एखादी अडचण सांगा. कुठल्या गोष्टीबद्दल तुमचं मत बदललं? आपल्याकडून पहिल्या खेपेला हमखास येणारं उत्तर असं: ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. निसर्गरम्य कोकणात माझा जन्म झाला. येथील लोक साधे व प्रेमळ आहेत.’ दहावीच्या निबंधाला याला आठ-नऊ गुण पडले असते. इथे वाचणाऱ्याला या तीन वाक्यांतून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

आता मालवण-देवबागकडच्या एखाद्या मुलीचं बघा. तिने किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे, कदाचित ओढलीही आहे. जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि आलेल्या मासळीचे वाटे पाडायचे. वाटे कसे पडतात? जाळ्याचा वाटा वेगळा का? होडीचा किती? त्या दिवशी जो आलाच नाही, पण ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याला काय मिळतं? हे कोण ठरवतं आणि भांडण झालं तर कोण मिटवतं? मग पर्ससीनवाले (यांत्रिक बोटींवरून मोठं जाळं टाकणारे) आल्यावर रापणीच्या वाट्याला काय उरलं? सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी किनाऱ्यावरचा तंटा का मिटत नाही? यातला एकच प्रश्न धरून, स्वतः पाहिलेलं आणि घरच्यांना विचारलेलं लिहिलं, तर अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र सगळं त्यात आपोआप येतं. मुलगी विचार करते, एवढं वाचणाऱ्याला दिसतं. त्यांना तेवढंच बघायचं असतं.

असे विषय कोकणात पायलीला पन्नास आहेत. देवगड-रत्नागिरीच्या कलमांच्या बागांत राखणीला नेपाळहून कुटुंबं येतात. ती का येतात, त्यांची मुलं शाळेत कुठे जातात? राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, मग त्यांचा ‘शोध’ लागला म्हणजे नेमकं काय झालं? वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमग्याखेरीज बंद असतात. त्या घरांच्या चाव्या कुणाकडे असतात, आणि बंद घराची पट्टी कोण भरतं? दशावतारातली स्त्रीपात्रं पुरुष करतात, त्याबद्दल तुमच्या आजीचं काय म्हणणं आणि तुमचं काय?

लिहिण्याची पद्धत सांगतो. आधी सगळं मराठीत लिहा, मालवणीत सुचत असेल तर मालवणीत. चुका बघू नका. मग दोन दिवसांनी इंग्रजीत नव्याने लिहा, छोट्या वाक्यांत. जड शब्द कोशातून उचलून घालू नका, ते लगेच ओळखू येतात. एआयकडून निबंध लिहून घेण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण मुलाखतीत याच निबंधावर खोदून विचारतात आणि काही ठिकाणी जागेवर बसून लिहायलाही लावतात. शेवटी तो निबंध घरातल्या अशा माणसाला मराठीत सांगा ज्याला त्यातलं खरं-खोटं कळतं. रापणीवर लिहिलंत तर आजोबांना. ते म्हणाले ‘तसा नाय ता’, तर दुरुस्त करा.

शिफारसपत्राचंही असंच. सर ‘सदर विद्यार्थिनी हुशार, होतकरू व आज्ञाधारक आहे’ असं लिहून देतील. त्यांना विनंती करा की वर्गातला एखादा प्रसंग लिहा. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला, कुठल्या प्रकल्पात काय केलं. चांगल्या शिक्षकाला हे सांगितलेलं आवडतं. दिवाळीच्या सुट्टीआधी सांगा, आदल्या दिवशी नको.

सहावी पायरी: चाचणी आणि मुलाखत

चाचणीत साधारणपणे वाचन, तर्क आणि आकडेमोड असते. पाठांतराने फारसा फायदा होत नाही. जुने नमुने वेळ लावून सोडवा, पुरे.

मुलाखत बहुधा ऑनलाइन आणि इंग्रजीत. रेंज सड्यावर गेल्याशिवाय येत नसेल तर त्या दिवशी तालुक्याला नातेवाइकांकडे जाऊन बसा. लाईटचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार हवं. मध्येच बंद पडलंच तर घाबरू नका, लगेच फोन किंवा मेल करा. वेळ बदलून देतात. इंग्रजी अडखळत असलं तरी चालतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, आणि मग ‘पण मला असं वाटतं’ म्हणून विचार सुरू करायचा.

सातवी पायरी: जवळची जागा धरून ठेवा

तिकडचं काहीही होवो, निकालानंतर मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी कराच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कॉलेजं याच विद्यापीठाची. या नोंदणीशिवाय कॉलेजात अर्ज घेत नाहीत. नोंदणी झाली की कॉलेजचा अर्ज, मग गुणवत्ता याद्या. यादीत नाव आल्यावर फी भरायला मोजके दिवस मिळतात.

आणि खरं सांगायचं तर आता एफवायबीएलाही बरंच काही नव्या पद्धतीचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह आलं. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचं घ्यायचं, म्हणजे इतिहासवाल्याला विज्ञान किंवा वाणिज्यातलं काहीतरी. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, सावंतवाडीचं पंचम खेमराज, चिपळूणचं डीबीजे या जुन्या कॉलेजांत ग्रंथालय चांगलं आणि शिकवणारे जुनेजाणते. फक्त मेजर निवडताना कॉलेजला जाऊन विचारा की तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत चालतो का आणि त्याला कायम शिक्षक आहेत का. माहितीपत्रकात विषय छापलेला असतो, शिकवायला माणूस असतोच असं नाही.

इथे जागा घेतली आणि नंतर बाहेर नंबर लागला तर? फी परत मिळण्याचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केलात तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी. जसजसा उशीर तसतशी कपात. अंतिम तारखेनंतर महिना उलटला की काही नाही. मूळ दाखले संस्थेने अडकवून ठेवायचे नाहीत, असंही यूजीसीचं म्हणणं आहे. तपासून परत द्यायचे. ‘ओरिजिनल जमा करा’ म्हणाले तर पोच घ्या आणि चार-चार सत्यप्रती आधीच काढून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला मात्र खरोखर जमा होतो, त्याच्या रंगीत झेरॉक्स जपा.

निघताना

बाहेरची विद्यापीठं बहुतेक जुलै-ऑगस्टात सुरू होतात. तेव्हा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांच्या वेळा बदललेल्या असतात आणि घाटात दरड कोसळली तर एसटीही वळसा घालून जाते. दिल्लीकडे जाणाऱ्यांना रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस सोयीची. पुण्याला जाणाऱ्यांनी हजर व्हायच्या दिवशी पहाटे न निघता आदल्या दिवशी निघावं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. जायचं तिकीट काढायला बसाल तेव्हा पंचांगही उघडा आणि गणपतीला घरी यायच्या तिकिटाची तारीख कधी उघडते ते तिथल्या तिथे लिहून ठेवा, कारण त्या दिवशी सकाळी आठला अख्खी मुंबई तुमच्याबरोबर बसलेली असणार.